कुलकुल कोण वळणार?

डिसेंबरची थंडी अजून धड पडलेली नसते, पण कॉलेजात ‘ख्रिसमस’ येऊन बसलेला असतो. नोटीस बोर्डावर ‘रेड अँड व्हाइट डे’ची तारीख, वर्गाच्या ग्रुपवर सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या, कॅन्टीनच्या दारात थर्माकोलचा स्नोमॅन. आपण घाम पुसत त्या स्नोमॅनच्या गळ्यात हात टाकतो आणि फोटो काढतो. मजा येते, आणि यायलाच हवी. सण कुठलाही असो, दोस्तांबरोबर साजरा झाला की तो आपला होऊन जातो.

पण दोस्तांनो, नाताळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, धुराडं, रेनडिअर, उंच टोकदार झाड. म्हणजे एखाद्या इंग्रजी सिनेमाचा सेट. आता चर्चगेटहून विरार लोकल पकडा, तास-सव्वा तासाने वसईला उतरा आणि पश्चिमेकडच्या गावांत शिरा. गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गिरीज, पापडी. इथे नाताळ मराठीत येतो. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, शेजाऱ्याच्या स्टारपेक्षा आपला स्टार मोठा का नाही यावरची भांडणंही मराठीत. या नाताळाला बर्फ लागत नाही. नारळ मात्र भरपूर लागतात.

माझं लहानपण याच पट्ट्यातल्या एका गावात गेलं, त्यामुळे पुढे येणाऱ्या बऱ्याच आठवणी तिथल्या आहेत. पण निव्वळ ‘काय ते दिवस होते’ म्हणत उसासे टाकायला हे पान नाही. त्या आठवणींमध्ये खूप कामं होती. ती कोणीतरी करत होतं म्हणून सण होत होता. ते करणारे हात आता थकले आहेत. पुढचे हात कोणाचे, हा आजचा प्रश्न आहे, आणि तो विचारताना मी तुमच्याकडे बघतेय.

पावभाजीइतका आपला

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. नाताळ हा ‘बाहेरचा’ सण आहे, असं अनेकांना मनातून वाटत असतं. शब्दापासूनच सुरुवात करा. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, अर्थ जन्माचा दिवस. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तारीख बघा, नाताळच्या दोनच दिवस आधीची! पुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि इथली पोर्तुगीज सत्ता संपली. राज्य गेलं, शब्द राहिले. चावी, पगार, घमेलं, पाद्री. तुमच्या पावभाजीतला पाव पोर्तुगीज आणि भाजीतला बटाटाही पोर्तुगीजच. पावभाजीला आपण परकी म्हणत नाही, मग नाताळाला का म्हणायचं?

आणखी एक गंमत. तुम्ही रोज चॅटवर मराठी रोमन लिपीत टाइप करता ना? फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ते चारशे वर्षांपूर्वी करून ठेवलं आहे. हा माणूस १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि त्याने ख्रिस्ताची कथा जवळपास अकरा हजार मराठी ओव्यांमध्ये रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. म्हणजे बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गोष्ट मराठी ओवीत येऊन चार शतकं उलटून गेली.

नगर जिल्ह्यात हीच गोष्ट कीर्तनातून आणि भजनातून सांगितली गेली. कवी नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी लिहिलेली मराठी भक्तिगीतं आजही चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांमध्ये कुठे बसतं, हे मराठी वाङ्मयवाल्यांना सांगायला नको. आणि अगदी अलीकडचं म्हणाल, तर २०२० साली उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

हे सगळं सांगायचं कारण असं की, वसईतून मुंबईच्या कॉलेजात येणाऱ्या आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी एक वाक्य ऐकावं लागतं. ‘अय्या, आडनाव असं, आणि मराठी किती छान बोलतेस गं!’ कौतुकच असतं ते. पण आपल्याच भाषेबद्दल कौतुक झालं की काय उत्तर द्यायचं, ते कळत नाही. तुमच्या वर्गात कोणी डिसोझा, रॉड्रिग्ज, लोपीस असेल तर या डिसेंबरात त्यांच्याशी थेट मराठीत बोलून बघा.

ताटलीतलं शेत

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे नाताळची सुरुवात बाजारातून होत नसे, ती गव्हापासून व्हायची. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमन काळ. देवळात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. तिसरी पेटली की घरात शोध सुरू व्हायचा जुन्या ताटल्यांचा, पत्र्याच्या झाकणांचा, फुटक्या परातीचा. त्यात माती भरायची, रात्रभर भिजवलेले गहू पेरायचे आणि रोज पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवंगार शेत तयार. हे शेत मग नाताळ गोठ्यात जायचं.

ओळखीचं वाटलं ना? नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव किंवा मोहरी टाकतात, आणि मावळ्यांच्या पायाखाली हिरवळ उगवते. हे त्याच मातीतल्या माणसांचं आहे. धर्म बदलला तरी पेरण्याची हौस तशीच राहिली.

गोठा रचायची कल्पना संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खऱ्या जनावरांसह जन्माचा देखावा उभा केला होता. वसईत हा देखावा आला तो इथला होऊन. आमच्या गोठ्याला पेंढ्याचं छप्पर आणि झावळ्यांची भिंत असे. आरशाच्या तुकड्याचं तळं व्हायचं. शेजारी विहीर आणि तिच्यावर काड्यांचा रहाट, कारण विहीर आणि रहाट नसलेलं गाव असू शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. एका कोपऱ्यात केळीची बाग, बाहेर बैलगाडी. मेंढपाळ असायचे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे. त्यांतल्या एकाचा हात दरवर्षी तुटायचा आणि दरवर्षी डिंकाने चिकटायचा. उंट कोंबडीएवढा आणि बैल उंटाहून मोठा. प्रमाणबद्धतेची काळजी कोणी करत नसे.

गोठ्यात सगळं मांडून झालं तरी गव्हाणी रिकामी ठेवायची. बाळाची मूर्ती आजीच्या कपाटात. ती २४ तारखेच्या रात्री, मिस्सेहून आल्यावरच ठेवायची, आणि मान घरातल्या सगळ्यात धाकट्याचा. आमच्या घरी तो मान माझ्याकडून धाकट्या भावाकडे गेला, तेव्हा मला मोठं झाल्याचं पहिल्यांदा कळलं. वाढदिवसाने ते कधी कळलं नव्हतं.

झाडासाठीही कुठे जावं लागत नसे. किनाऱ्यावर सुरूची बनं होतीच. वाऱ्याने पडलेली एखादी फांदी ओढत आणायची, मातीच्या कुंडीत रोवायची आणि तिच्यावर कापूस टाकायचा. हाच आमचा बर्फ. स्टार मात्र घरी करायचा. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि खळ. दिवाळीत शेजारच्या वाडीतला जो दादा आकाशकंदील बांधायचा, तोच डिसेंबरात आमचा स्टार बांधायला यायचा. कामट्या तासण्याची त्याची पद्धत दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की दिवाळीत त्याला चिवडा मिळायचा आणि आमच्याकडे केक.

कुलकुलांची रात्र

आणि मग यायची ती रात्र. शक्यतो शनिवारची, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेची कटकट नाही. दुपारपासून नारळ खवले जायचे, दूध निघायचं. मैदा, थोडा रवा, तुपाचं मोहन, साखर, चिमूटभर मीठ आणि नारळाचं दाट दूध. पीठ घट्ट मळून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं. जेवणं उरकली की पडवीत जुनी चादर अंथरायची, तिच्यावर वर्तमानपत्रं, आणि सगळं घर भोवती बसायचं. आजोबांपासून बालवाडीतल्या पोरापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक काटा, नाही तर नवीकोरी फणी. ही फणी वर्षभर कुलकुलांच्या डब्यातच राहायची. ती केसांना लावण्याची हिंमत कोणाची नव्हती.

बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. झाला शिंपला. वर काट्याच्या रेघा, आत पोकळ. गोव्यात यालाच ‘किडयो’ म्हणतात, कारण दिसायला अळीसारखा. सगळी करामत अंगठ्याच्या दाबात. जास्त दाबलं तर पीठ काट्याला चिकटतं, कमी दाबलं तर जाड राहतं, आणि टोक नीट चिकटलं नाही तर तेलात उलगडतं. हे रील बघून जमत नाही. शेजारी बसलेली आजी तुमचा अंगठा स्वतःच्या हातात धरून दाबून दाखवते, तेव्हा कळतं.

पण त्या रात्रीचं खरं महत्त्व वेगळं होतं. कुलकुल वळताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. दोन-तीन किलो पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या म्हणजे चार तासांची निश्चिंती. एवढा वेळ सगळं घर एका जागी बसलेलं वर्षात दुसऱ्या कुठल्या रात्री नसायचं. मग गोष्टी निघायच्या. पणजी फुलांची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला कशी जायची. आजोबांनी पहिली सायकल कोणाकडून घेतली आणि तिचे पैसे किती वर्षं फेडले. विहिरीवरून दोन घरांत अबोला कसा धरला गेला आणि एका बारशात तो कसा सुटला. लॅटिनमधली मिस्सा कोणालाच कळत नसे, तरी सगळे कसे खड्या आवाजात उत्तरं द्यायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकानंतर, मिस्सा मराठीत आली, तेव्हा आजीला म्हणे पहिल्यांदा वाटलं की देव आता आपल्या घरी येऊन बोलतोय.

आणि हे सगळं आमच्या बोलीत. वसईत सामवेदी किंवा कादोडी बोलली जाते, वाडवळी बोलली जाते. या बोलींची शाळा नाही, परीक्षा नाही. माझ्या आजीची बोली मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. ती त्या चादरीवर, पिठाच्या वासात, कानावर पडत गेली. आज माझ्या पिढीतल्या अनेकांना ती कळते, पण बोलता येत नाही. त्यांच्या मुलांना कळतही नाही. कुलकुलांची रात्र बंद पडली की बोलायचं निमित्तही बंद पडतं, हा हिशेब लक्षात यायला आम्हाला उशीरच लागतो.

ताट कोणाकडे जाणार?

नाताळच्या सकाळी नवे कपडे घालून पोरांची पहिली ड्युटी म्हणजे ताटं पोचवणं. कुलकुल, नेवऱ्या, केकचे तुकडे, कुठे दोदोल, कुठे लाडू. नेवरी म्हणजे आपली करंजीच, मुरडही तशीच. ताटावर आजीने क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. कोणाकडे कुठलं ताट, हे आईने आधीच ठरवलेलं असायचं. सगळ्यात भरगच्च ताट पलीकडच्या हिंदू शेजाऱ्यांकडे, कारण दिवाळीत त्यांच्याकडून आलेल्या चकल्यांची परतफेड बाकी असायची. ताट रिकामं परत येत नसे. त्यात साखर तरी असायची, नाही तर परसातली दोन लिंबं.

गोव्यात या ताटाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. गोव्याने त्याचं शेजाऱ्यांना वाटायचं ताट केलं. त्यात काळ्या गुळाचा आणि नारळाच्या दुधाचा दोदोल असतो, जो तासन्‌तास ढवळत बसावा लागतो. बेबिंका असते, जिचा एकेक थर भाजून मग पुढचा घालायचा. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांमध्ये फुगे तळले जातात आणि मांसाच्या रश्शात बॉटल मसाला पडतो. मे महिन्यात कुटून काळपट बाटल्यांत भरून ठेवायचा म्हणून त्याचं नाव बॉटल मसाला. हे ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-ठाणे-वसईचे मूळ रहिवासी. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं. घरात मात्र अनेकांची बोली आजही मराठीच. आणि नगरकडे जाल तर नाताळच्या डब्यात सरळ लाडू, चिवडा, करंज्या. एकाच राज्यात नाताळची इतकी ताटं आहेत, आणि आपण कॉलेजात कापतो तो एकच प्लम केक!

आठवण कोणाच्या पाठीवर?

इथवर वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘छान आहे, पण आता कोणाला वेळ आहे? कुलकुल किलोवर मिळतात. आणून खाल्ले तर बिघडलं काय?’

खरं सांगू? काहीच बिघडत नाही. उलट, गावातल्या कितीतरी बायका आज डिसेंबरात ऑर्डरी घेऊन कुलकुल, नेवऱ्या आणि केक विकतात. त्यांच्या हाताला किंमत मिळते, ही चांगलीच गोष्ट. पूर्वी हेच काम फुकट होत होतं.

आणि ते कोण करत होतं, हेही एकदा नीट बघायला हवं. कुलकुल वळायला अख्खं घर बसायचं, पण तळायला आई आणि काकी. गप्पा पडवीत रंगायच्या आणि कढई मागच्या चुलीवर उकळायची. पणजीची गोष्ट ऐन रंगात आली की आई पीठ लागलेल्या हाताने ताट उचलून आत जायची. अर्धी गोष्ट तिने कधी ऐकलीच नाही. केक तर चुलीवर व्हायचा. जाड पातेलं, खाली मंद निखारे, झाकणावर निखारे, आणि ते निखारे राखत बसलेली आजी. सकाळी सगळं घर नव्या कपड्यांत देवळात, आणि आई दोन वाजता झोपून पाच वाजता उठलेली. लहानपणच्या आठवणींत सण नेहमी आपोआप होतो. ज्यांच्यामुळे तो होत होता, त्यांच्या आठवणी विचारून बघा. त्यात कंबरदुखी हमखास निघेल.

म्हणून ‘परंपरा जपा’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते म्हणताना कोणाला सांगतोय हे बघावं लागतं. एकट्या आईच्या पाठीवर उभी असलेली परंपरा बंद पडली तर मला वाईट वाटणार नाही. दुकानातून कुलकुल आणावेत, आईला झोपू द्यावं. पण घरातल्या तिघा-चौघांनी मिळून अर्धा किलो पीठ वळलं, भावाने तळलं, बाबांनी कढई घासली, तर ती परंपरा पुढे नेण्यासारखी आहे. प्रमाण कमी झालं तरी चालेल. सगळे बसले पाहिजेत. आईसुद्धा, तिची गोष्ट पूर्ण होईपर्यंत.

बदललं तरी चालतं

सण तसाच्या तसा राहिला पाहिजे, असाही माझा हट्ट नाही. तो कधीच तसाच्या तसा नव्हता. मध्यरात्रीच्या मिस्सेचंच बघा. पूर्वी बाराच्या ठोक्याला सुरू व्हायची. कंदील घेऊन, नाही तर बैलगाडीने लोक देवळात यायचे आणि मोकळ्या पटांगणात थंडीत कुडकुडत बसायचे. मग २०००मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि बऱ्याच ठिकाणी मिस्सा अलीकडे सरकली. सुरुवातीला म्हातारी माणसं कुरकुरली. ‘मध्यरात्रीची मिस्सा साडेआठला?’ आता त्याच माणसांना ती वेळ बरी वाटते, कारण गुडघे दुखतात.

लॅटिन जाऊन मराठी आली, कंदील जाऊन एलईडी आले, चूल जाऊन ओव्हन आला. पेंढ्याच्या गोठ्यात गावोगावची पोरं आता पाण्याचे, कचऱ्याचे, बुजवलेल्या तळ्यांचे देखावे करतात. हे मला आवडतं. वसईची हिरवी वाडी वाचावी म्हणून फादर दिब्रिटोंसारख्यांनी लोकांना रस्त्यावर आणलं, ती चळवळ गोठ्यातही शिरली तर बिघडलं काय? येशूचा जन्म गोठ्यात झाला तो गावात जागा मिळाली नाही म्हणून. जागेचा प्रश्न आमच्या भागात आजही कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

काय बदलावं आणि काय ठेवावं, हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. ज्यात माणसं एकत्र बसतात ते ठेवा. ज्यात कोणीतरी एकटं राबतं ते बदला.

वीस वर्षांचे तुम्ही

हे सगळं तुम्हालाच का सांगतेय? कारण तुमचं वय. दहाव्या वर्षी सण तुमच्यासाठी होत होता. चाळिसाव्या वर्षी तो तुम्हाला करावा लागेल. विशीत असताना आजी बहुतेक अजून असते, तिचे हात थरथरत असले तरी अंगठ्याचा दाब तिला आठवत असतो, आणि तुमच्याकडे शिकायला अजून वेळ असतो. ही वर्षं फार नसतात. आमच्या गावातली कितीतरी घरं आता दोन म्हाताऱ्या माणसांची आहेत. मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात. २४ तारखेला रात्री व्हिडिओ कॉल येतो, गोठा दाखवला जातो, आणि बाळ गव्हाणीत ठेवायला घरात धाकटं कोणीच नसतं. मग आजीच ते ठेवते.

म्हणून या डिसेंबरात काही साधी कामं करून बघा. तुम्ही ख्रिस्ती असाल तर सुट्टीतला एक शनिवार घरासाठी राखून ठेवा. आजीला तिची पाककृती सांगायला लावा. ती ‘अंदाजाने’ म्हणेल, तेव्हा तिच्या अंदाजाची वाटी मोजून लिहून घ्या. फोन रेकॉर्डिंगला लावून लांब ठेवा आणि तिला तिच्या बोलीत बोलू द्या. मधेच ‘म्हणजे काय?’ विचारायला लाजू नका. तो शब्द कदाचित तुम्हीच शेवटचे ऐकणारे असाल. आणि कढईपाशी आईऐवजी तुम्ही उभे राहा, विशेषतः मुलांनी.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तर सिक्रेट सँटा जरूर खेळा, पण वर्गातल्या त्या वसईच्या किंवा वांद्र्याच्या, नगरच्या किंवा मडगावच्या दोस्ताला विचारा, ‘तुमच्याकडे काय करतात रे?’ त्याने घरी बोलावलं तर जा. ताट पुढे आलं तर ‘डाएट आहे’ म्हणू नका. आणि येत्या दिवाळीत तुमच्या घरून त्याच्याकडे ताट जाईल याची व्यवस्था करा. दोन घरांमधली ही ये-जा भाषणांनी सुरू होत नाही. त्यासाठी कोणीतरी एकाने आधी ताट उचलावं लागतं.

आणि ज्यांच्या घरी नाताळ नाही, त्यांनाही हाच प्रश्न आहे. तुमच्याकडे चकलीची भाजणी कोणाला येते? भोंडल्याची गाणी कोणाला पाठ आहेत? शिरखुर्म्याचं नेमकं प्रमाण कोणाच्या हातात आहे? प्रत्येक घरात अशी एक आजी आहे, आणि अशी एक फणी कुठल्यातरी डब्यात आहे.

गव्हाला हिरवं व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे १५ डिसेंबरपर्यंत पेरला तरी नाताळला पोचतो. एक जुनी ताटली शोधा, मूठभर गहू रात्री भिजत घाला. बाकीचं सकाळी.